आबांच्या डिस्चार्ज बुकातील दोन राहिलेल्या नोंदी

माझे वडील, ज्यांना घरात आणि गावातही सगळे आबा म्हणतात, १९६६ साली सैन्यात शिपाई म्हणून भरती झाले आणि १६ वर्षांची नोकरी पुरी करून १९८२ साली हवालदाराच्या हुद्द्यावरून पेन्शनवर घरी आले. येताना त्यांनी जे डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून मुक्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक, आणले, ते गेली चाळीस वर्षे त्यांच्या काळ्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तळाशी ठेवलेले असे. त्यात चारित्र्याच्या रकान्यात ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे अनुकरणीय, असा शेरा आहे आणि तो शब्द आबांनी आम्हा भावंडांना लहानपणीच अर्थासह पाठ करून दिला होता. पदकांच्या रकान्यात मात्र तीनच नावे होती: सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे मेडल आणि ९ वर्षांच्या सेवेचे लाँग सर्व्हिस मेडल. ज्या माणसाने १९७१ च्या डिसेंबरात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जेसोरच्या रस्त्यावर दारूगोळ्याने भरलेला शक्तिमान ट्रक रात्री दिवे न लावता चालवला, त्याच्या पुस्तकात त्या युद्धाचे एकही पदक नोंदलेले नव्हते.

ही उणीव मला फार उशिरा कळली. २०२१ हे बांगलादेश मुक्तीच्या युद्धाचे पन्नासावे वर्ष म्हणून देशभर स्वर्णिम विजय वर्ष साजरे होत होते आणि त्या निमित्ताने त्या युद्धात भाग घेतलेल्या माजी सैनिकांची यादी आमच्या भागातही तयार होत होती. यादी करणाऱ्यांनी डिस्चार्ज बुकाची प्रत मागितली, ती पाहिली आणि आबांचे नाव घेतले नाही. ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ किंवा ‘संग्राम मेडल’ या त्या युद्धाच्या पदकांपैकी एकाची तरी नोंद हवी, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे पडताळणीचे दुसरे साधन नव्हते, हे मला आज समजते. त्या दिवशी समजले नव्हते. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पुस्तक पिशवीत घातले, पिशवीला दोरा बांधला आणि ट्रंक बंद केली. मी शिक्षिका आहे, कागदपत्रांची मला सवय आहे, आणि आपण ही गोष्ट आजवर एकदाही नीट वाचली नाही याची मला त्या वेळी लाज वाटली.

आधी घडले काय होते, ते सांगते. आबा एमटी ड्रायव्हर, म्हणजे लष्करी गाड्यांचे चालक, होते. त्यांची मूळ युनिट १९७१ साली पंजाबात होती. ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडच्या एका युनिटला ड्रायव्हर कमी पडत होते म्हणून आबांच्या युनिटमधून पाच जणांना तिकडे अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते, पाठवण्यात आले. तिथे ते पश्चिम बंगालच्या सीमेवरील बोयऱ्याच्या बाजूने आत गेले, ७ डिसेंबरला जेसोर पडले तेव्हा त्या रिकाम्या छावणीत त्यांनी गाडी उभी केली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाल्याची बातमी त्यांना खुलनाच्या वाटेवर कळली. फेब्रुवारी १९७२ मध्ये ते पंजाबात आपल्या युनिटला परतले. पुढे पदकांसाठी नॉमिनल रोल, म्हणजे नावांच्या याद्या, तयार झाल्या तेव्हा पूर्वेकडच्या युनिटने आपल्या कायम नफरीची, म्हणजे पटावरच्या माणसांची, नावे पाठवली, त्यात पाहुण्या ड्रायव्हरांची नावे नव्हती; आणि मूळ युनिटने युद्धकाळात हजर असलेल्यांची नावे पाठवली, त्यात आबा ‘अटॅचमेंटवर’ असल्यामुळे सुटले. दोन्ही ठिकाणच्या क्लार्कांनी आपापल्या परीने बरोबरच काम केले होते आणि माणूस दोघांच्या मध्ये राहून गेला होता.

आबांनी तेव्हा विचारले नव्हते असे नाही. १९७६ च्या सुमारास त्यांनी कंपनीच्या क्लार्कला विचारले होते आणि ‘केस पुढे गेली आहे’ असे उत्तर मिळाले होते. दरबारात, म्हणजे युनिटच्या सगळ्यांच्या सभेत, हा विषय काढता आला असता, पण स्वतःच्या मेडलसाठी सगळ्यांसमोर उभे राहणे त्यांना पटले नाही. त्यानंतर दोन वेळा पोस्टिंग झाले आणि विषय मागे पडला. डिस्चार्जच्या वेळी पुस्तकावर सही करताना त्यांनी तो रकाना पाहिला होता का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पाहिला होता. पण घरी यायची घाई होती, पोरी.”

माझी पहिली चूक अशी झाली की फेब्रुवारी २०२१ मध्ये मी सैनिकांची सेवेची कागदपत्रे ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला एक चार पानी पत्र लिहिले. त्यात जेसोर होते, खुलना होते, आबांचे वय होते, यादीतून नाव वगळल्याचे दुःख होते. नव्हते ते एवढेच, की आम्हाला नेमके काय हवे आहे आणि ते कोणत्या आधारावर हवे आहे. एप्रिलमध्ये दोन ओळींचे उत्तर आले की उपलब्ध सेवा-अभिलेखात सदर पदकांची नोंद आढळत नाही. ते उत्तर खरेच होते. नोंद नाही म्हणूनच आम्ही लिहिले होते. मी रागावले आणि तसेच आणखी एक पत्र आणखी वरच्या कार्यालयाला पाठवणार होते, पण तेवढ्यात करोनाची दुसरी लाट आली आणि ते राहून गेले. आज वाटते, ते पत्र गेले नाही हे बरे झाले, कारण ते फिरून त्याच टेबलावर आले असते.

ऑगस्टमध्ये शेजारच्या गावातील एका निवृत्त सुभेदारांकडे आबांचे स्नेही मला घेऊन गेले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकालाच ‘मेजर’ म्हणण्याची पद्धत आहे, पण हे गृहस्थ खरोखर सुभेदार होते आणि नोकरीचा मोठा भाग त्यांनी क्लार्क म्हणून काढला होता. त्यांनी माझे पत्र शांतपणे वाचले, बाजूला ठेवले आणि विचारले, “ताई, नोंद कशी होते ते तुम्हाला ठाऊक आहे का?” मला ठाऊक नव्हते. पुढचा तासभर त्यांनी जे सांगितले, त्यावरच बाकीचे सगळे काम उभे राहिले, म्हणून ते इथे थोडे सविस्तर देते.

सैनिकाच्या सेवेत जे काही घडते, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, कोर्स, जखम, पदक, ते सगळे त्याची युनिट डेली ऑर्डर पार्ट टू या नावाच्या आदेशाने प्रसिद्ध करते. बोलताना सगळे त्याला नुसते ‘पार्ट टू’ म्हणतात. तो आदेश रेकॉर्ड ऑफिसला गेला की त्याच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद होते. शीट रोल म्हणजे सैनिकाचा मूळ सेवापट. तो सैनिकाच्या हातात कधीच नसतो. डिस्चार्जच्या वेळी त्या शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरले जाते. म्हणजे आमच्या हातातले पुस्तक ही त्या पटाची उतरंडीतली शेवटची प्रत होती, आणि मी शेवटच्या प्रतीत दुरुस्ती मागत होते, तर दुरुस्तीची सुरुवात व्हायला हवी होती पार्ट टूपासून. “पार्ट टू निघाला नाही म्हणून शीट रोलमध्ये नाही, शीट रोलमध्ये नाही म्हणून पुस्तकात नाही,” सुभेदार म्हणाले. “तुम्ही त्यांना असा कागद द्या, की ज्यावरून त्यांना आता पार्ट टू काढता येईल.”

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती दोन पदकांतील फरकाची. मी पत्रात ‘युद्धाची पदके’ असे एकत्र लिहिले होते. संग्राम मेडलचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा वर्षाहून मोठा आहे आणि त्याचा प्रदेशही पंजाब, राजस्थान, जम्मू-काश्मीरपासून बंगाल, आसामपर्यंत विस्तीर्ण आहे. पूर्वी स्टार मात्र पूर्वेकडील प्रत्यक्ष कारवाईशी बांधलेला आहे. आबा फेब्रुवारी १९७२ पासून पंजाबात आपल्या मूळ युनिटमध्ये हजर होते, एवढे सिद्ध झाले तरी संग्राम मेडलसाठी अटॅचमेंटचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असणाऱ्यांना मिळालेले वर्धापनदिनाचे पदक त्यांच्या पुस्तकात आधीपासून नोंदलेले होते. जो पुरावा हाताशी आहे त्याला, जो शोधायचा आहे त्याच्या गळ्यात बांधू नये, असे सुभेदारांचे म्हणणे होते. दोन पदके, दोन परिच्छेद, दोन स्वतंत्र आधार.

म्हणून पुढचे पाऊल अर्जाचे नव्हते, शीट रोलची प्रत मिळवण्याचे होते. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दिल्लीच्या लष्कर मुख्यालयातील माहिती अधिकार कक्षाकडे आम्ही सप्टेंबरमध्ये अर्ज केला. सोबत १० रुपयांची पोस्टल ऑर्डर होती. अर्ज मी लिहिला, पण अर्जदार आबाच होते आणि सही त्यांचीच होती. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती देण्यावर त्या कायद्यात मर्यादा आहे; स्वतःची माहिती स्वतः मागताना ओळखपत्राची प्रत जोडली की तो अडथळा येत नाही. सैनिक हयात नसेल तर हाच अर्ज पत्नीने किंवा रेकॉर्डमध्ये वारस म्हणून नाव असलेल्या व्यक्तीने, नात्याच्या पुराव्यासह करावा. अर्जात प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा, ही ताकीद सुभेदारांनी दिली होती. ‘पदक का दिले नाही’ याचे उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. ‘माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत द्यावी, ऑक्टोबर १९७१ ते मार्च १९७२ या काळातील माझ्या अटॅचमेंटसंबंधीच्या पार्ट टू नोंदींची प्रत द्यावी’ याचे उत्तर मात्र त्याला ३० दिवसांत द्यावे लागते. अर्ज तिथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे गेला, प्रतींसाठी पानाला २ रुपये दराने २८ रुपये मागवण्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये १४ पाने घरी आली.

एक गोष्ट इथेच नोंदवते, कारण ती अनेक घरांच्या उपयोगाची आहे. आबा पेन्शनर असल्यामुळे त्यांचे कागद जपलेले होते. जे सैनिक पेन्शनला पात्र होण्याआधी नोकरी सोडून आले, त्यांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नियमाप्रमाणे नष्ट केली जातात आणि मागे राहतो तो लाँग रोल या कायम नोंदवहीतला मोजका तपशील. अशा घरांनी आपल्याजवळचा एकही जुना कागद टाकून देऊ नये. कारण दुसरीकडे कुठे तो असेलच असे नाही.

त्या १४ पानांनी आमचे दोन आठवडे घेतले. शीट रोल इंग्रजीत, हाताने, आखूड रूपांत आणि निरनिराळ्या शाईत लिहिलेला असतो. काही ठिकाणी एका क्लार्कचे अक्षर संपून दुसऱ्याचे सुरू होते आणि त्याबरोबर आबांच्या नावातील एक अक्षरही बदलते. आबा चष्मा लावून माझ्या शेजारी बसत. मी वाचत असे आणि ते सांगत असत की ही अंबाल्याची छुट्टी, हा ड्रायव्हिंगचा दुसऱ्या श्रेणीचा कोर्स, ही तुझ्या जन्माची नोंद. माझा जन्म त्या पटात एका ओळीत होता, पार्ट टूच्या क्रमांकासह. ऑक्टोबर १९७१ ची ओळ सापडली तेव्हा आबा खुर्चीत सरळ बसले. तिथे अटॅचमेंट लिहिलेली होती, तारीख होती, पण ज्या युनिटला ते गेले तिच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पंचिंगच्या भोकात गेला होता. परतीची तारीखही होती: फेब्रुवारी १९७२. मधले चार महिने सरळ होते, फक्त ते कुठे घालवले हे सांगणारा अंक नव्हता.

आईच्या हयातीतल्या वस्तूंमध्ये आम्हाला एक आंतरदेशीय पत्र सापडले. ते आबांनी नोव्हेंबर १९७१ मध्ये तिला लिहिले होते आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात त्यांचा नंबर, युनिट आणि खाली ‘केअर ऑफ ९९ एपीओ’ असे होते. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. सैन्याच्या टपालात उत्तर आणि पश्चिमेकडील युनिटांचा पत्ता ५६ एपीओ असतो आणि पूर्वेकडील युनिटांचा ९९ एपीओ. आबांची त्याआधीची आणि नंतरची सगळी पत्रे ५६ ची होती. हे एकच ९९ चे. मला वाटले, आपले काम झाले. सुभेदारांनी पत्र उलटसुलट पाहिले आणि सांगितले की हा चांगला पूरक पुरावा आहे, पण ९९ एपीओ म्हणजे सगळा पूर्व भाग, त्यात शांत ठाणीही आली; तेव्हा याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. पत्त्यातील युनिटचे नाव पाण्याने पुसट झालेले होते. पत्रातील मजकूर सरकारी कामाचा नव्हता आणि तो आम्ही प्रतीत झाकला.

जानेवारी २०२२ मध्ये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पहिला खरा अर्ज गेला. तो एका पानाचा होता. वरच्या भागात नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक. मग दोन परिच्छेदांत दोन पदके आणि प्रत्येकासमोर शीट रोलच्या कोणत्या पानावरील कोणती नोंद आधार आहे ते. शेवटी विनंती अशी की पात्रता पडताळून पार्ट टू प्रसिद्ध करावा, अभिलेखात नोंद करावी आणि डिस्चार्ज बुकात तशी पृष्ठांकित नोंद करून द्यावी. नावातील अक्षराच्या फरकासाठी एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. हा फरक किरकोळ वाटतो, पण आधार कार्ड, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक या तिन्हींत तीन स्पेलिंगे असलेली माणसे मी त्या कार्यालयाच्या बाकावर पुष्कळ पाहिली आणि त्यांची मूळ कामे त्या एका अक्षरापाशी अडलेली होती. आपले काम कोणतेही असो, हा फरक आधी निस्तरावा.

ऑगस्टमध्ये उत्तर आले. संग्राम मेडलची पात्रता मान्य झाली होती. पूर्वी स्टारच्या बाबतीत मात्र, अटॅचमेंटच्या काळात सैनिक ज्या युनिटसोबत होता तिची आणि तिच्या स्थानाची उपलब्ध अभिलेखावरून पुष्टी होत नाही, असे लिहिले होते. पहिल्या वेळेच्या दोन ओळींपेक्षा हे उत्तर फार वेगळे होते, कारण त्यात आता नेमके काय कमी आहे ते सांगितले होते. आबांना संग्राम मेडलचा आनंद झाला, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही. ते एवढेच म्हणाले की पंजाबात बसलेल्याला जे मिळाले ते मिळाले, जेसोरचे राहिले. मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. ते पदकासाठी बोलत नव्हते. त्या चार महिन्यांत ते कुठे होते याचा कागद त्यांना हवा होता.

आता शोध उरला त्या पाच ड्रायव्हरांचा. आबांना पाचही नावे आठवत होती, गावे दोघांचीच. एकाचे निधन झाल्याचे त्यांना माहीत होते. रेजिमेंटच्या माजी सैनिकांच्या मेळाव्याला जाणाऱ्या लोकांकडून, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे फोन करत मी सप्टेंबरभर विचारत राहिले. शेवटी कर्नाटकातील एका खेड्यात त्यांच्यापैकी एक जण असल्याचे कळले. फोनवर मी आबांचे नाव सांगितले, तेव्हा पलीकडून त्यांनी आधी आबांचा नंबर म्हणून दाखवला आणि मग नाव उच्चारले. पन्नास वर्षांनी. मी फोन आबांच्या हातात दिला आणि बाहेर ओसरीवर जाऊन उभी राहिले.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते युद्धानंतर परत आले नव्हते; ज्या युनिटला अटॅच होते, तिथेच त्यांचे कायम पोस्टिंग झाले होते, आणि म्हणून त्या युनिटच्या नॉमिनल रोलवर त्यांचे नाव आपसूक चढले होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पूर्वी स्टार होता, संग्राम मेडल होते, आणि युनिटचे नाव अंकासकट स्पष्ट होते. याहून मोठी गोष्ट पुढे होती. त्यांनी पेटीतून एक घडी पडलेला, कडा झिजलेला कागद काढला. तो ऑक्टोबर १९७१ चा मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे रवानगीचा आदेश, होता. पाच नंबर, पाच नावे, कोठून, कोठे, कोणत्या तारखेला. खाली सही आणि शिक्का. गटातले ते सीनियर होते म्हणून कागद त्यांच्याकडे राहिला होता आणि त्यांनी तो का जपला, हे त्यांनाही सांगता आले नाही. आबांनी बोट ठेवून आपला नंबर शोधला. चौथ्या क्रमांकावर होता.

आमचा सगळा युक्तिवाद त्या एका कागदात आला होता. एकाच आदेशाने, एकाच दिवशी, एकाच युनिटला गेलेल्या पाच माणसांपैकी जो तिथे राहिला त्याला पूर्वी स्टार मिळाला आणि जो परतला त्याला मिळाला नाही. यात पात्रतेचा फरक नव्हता, फक्त कोणाच्या नफरीवर नाव होते याचा फरक होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा अर्ज गेला. त्याला मूव्हमेंट ऑर्डरची साक्षांकित प्रत, त्या काकांच्या डिस्चार्ज बुकातील संबंधित पाने, आबा आपल्यासोबत अमुक काळ अमुक युनिटमध्ये होते असे त्यांचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र, शीट रोलमधील जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा आणि ९९ एपीओचे पत्र, असे पाच कागद त्याच क्रमाने जोडले. आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत दिली, म्हणजे प्रकरण नव्याने उघडले जाऊ नये. या वेळी मी अर्जात एकही विशेषण लिहिले नाही.

मार्च २०२३ मध्ये पत्र आले: पात्रता मान्य, पार्ट टू प्रसिद्ध करण्यात येत आहे, नोंदीसाठी मूळ डिस्चार्ज बुक पाठवावे.

या ‘मूळ’ शब्दाने घरात जो पेच निर्माण झाला, तो सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत अवघड भाग होता असे मी म्हणेन. आबा पुस्तक हातातून सोडायला तयार होईनात. टपालात गेले तर? त्यांची भीती अनाठायी नव्हती, कारण डिस्चार्ज बुक हरवले की दुसरी प्रत मिळवणे ही वेगळीच लांब वाट आहे. मी प्रत्येक पान रंगीत स्कॅन केले, कोऱ्या पानांसह. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या. पाकिटात मागवणीच्या पत्राची प्रत वर ठेवून रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले. मागणी लेखी असल्याशिवाय मूळ पुस्तक कधीही पाठवू नये आणि शक्य असेल तर स्वतः नेऊन द्यावे, हे मी प्रत्येकाला सांगते. आबांना तेव्हा गुडघ्यामुळे प्रवास होत नव्हता. पुढचे सात आठवडे ते रोज पोस्टमनला विचारत. ट्रंक उघडी ठेवलेली असे.

मेच्या शेवटी पुस्तक परत आले. पदकांच्या रकान्यात, जुन्या तीन नोंदींच्या खाली, लाल शाईने दोन ओळी वाढल्या होत्या: पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, पार्ट टूचा क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याची सही, रेकॉर्ड ऑफिसचा गोल शिक्का. आबांनी ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. मग त्यांनी विचारले की शीट रोलमध्येही झाले ना, कारण पुस्तक हे शेवटची प्रत असते. सुभेदारांचे बोलणे त्यांनी माझ्यापेक्षा नीट ऐकले होते. मी पुन्हा एकदा १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून त्या एका पानाची प्रत मागवली. तिथेही नोंद झाली आहे.

प्रत्यक्ष पदके अजून आलेली नाहीत. नोंद होणे आणि धातूचे पदक हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोंद रेकॉर्ड ऑफिस करते. पदके त्यानंतर लष्कर मुख्यालयाच्या व्यवस्थेतून, उपलब्धतेप्रमाणे येतात आणि त्यांना वेळ लागतो. एकदा मिळालेले पदक हरवले म्हणून दुसरे मागायचे असेल तर तो अर्जही वेगळा असतो. एकात दुसरे मिसळू नये. लोक बाजारातून पदके विकत आणून लावतात, आबांनी त्याला नकार दिला. ज्याच्या कडेवर आपला नंबर नाही ते आपले नाही, असे ते म्हणाले.

मूव्हमेंट ऑर्डरवर पाच नावे होती, हे मात्र आबा विसरलेले नाहीत. एकाला तेव्हाच मिळाले, एक आबा. उरलेल्या तिघांपैकी एकाचा पत्ता लागलेला नाही. एक जण विदर्भात आहेत आणि त्यांच्या नातवाने शीट रोल मागवला आहे. तिसऱ्यांचे निधन झाले; त्यांच्या पत्नीला कौटुंबिक पेन्शन मिळते, डिस्चार्ज बुक घराच्या पडझडीत गेले आहे, पण पीपीओ आहे आणि त्यावर नंबर आहे. तो नंबर मूव्हमेंट ऑर्डरवरच्या दुसऱ्या ओळीशी जुळतो. मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन अर्ज लिहिला. काकूंनी अंगठा दिला, आबांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीखाली, कोणी न सांगता, आपला नंबर, हुद्दा आणि ‘१९७१, पूर्व आघाडी’ असे लिहिले.